ठसे, शाई आणि घरी केलेलं शुभेच्छापत्र: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शाळेतले भेंडीचे ठसे आठवत असतीलच. चित्रकलेच्या तासाला आडवी कापलेली भेंडी पोस्टर कलरमध्ये बुडवायची आणि वहीभर फुलं उमटवायची, बटाटा अर्धा कापून त्यात चांदणी कोरायची. रबर स्टॅम्पनं ग्रीटिंग कार्ड करणं म्हणजे तेच, फक्त भेंडीच्या जागी रबराचा ठसा आणि पोस्टर कलरच्या जागी इंक पॅड. त्यामुळे ज्यांना वाटतं की आपल्याला चित्र काढता येत नाही मग हे कसं जमणार, त्यांनी तर हे नक्कीच करून बघा.

मला नेहमी विचारतात की सुरुवातीला कुठला किट घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, किट घेऊच नका. त्यात बारा-पंधरा ठसे येतात, निम्मे कधी वापरले जात नाहीत आणि शब्दांचे ठसे असतात ते सगळे इंग्रजीत. आपण कार्ड पाठवणार आजीला, मावशीला, शेजारच्या काकांना, त्यावर आपल्या भाषेत "शुभ दीपावली" नको का? मराठी शब्दांचे तयार ठसे दुकानात फार कमी मिळतात, म्हणून ते आपणच करायचे किंवा करून घ्यायचे. या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त आनंद त्याच भागात मिळतो आणि खाली सगळ्यात जास्त जागाही मी त्यालाच दिली आहे.

आपण एकच कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. दिवाळीचं, एक पणती, वर सोनेरी ज्योत, खाली दोन शब्द. एवढं जमलं की राखी, संक्रांत, वाढदिवस, मुंज, सगळं जमतं.

काय काय आणायचं

कागद सगळ्यात आधी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका मोठा तितका कागद जाड. प्रिंटरचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, त्याचं कार्ड उभंच राहत नाही. कार्डाच्या घडीसाठी २५० ते ३०० जीएसएमचा, आणि ठसा ज्यावर छापायचा त्या पुढच्या तुकड्यासाठी २०० च्या आसपासचा, पांढरा किंवा क्रीम, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला कागद घ्या. दुकानात "मॅट कार्डस्टॉक" म्हणून मागितला तरी देतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला सुटे कागद बघून, हात लावून घेता येतात, आणि कागद हात लावूनच घ्यावा असं माझं मत आहे. हातकागदाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथले कागद बघितले की किती घेऊ असं होतं. पण हातकागद खडबडीत असतो, बारीक रेघांचा ठसा त्यावर तुटक उमटतो. म्हणून हातकागद कार्डाच्या खालच्या घडीला किंवा मागच्या पट्टीला वापरा, ठसा गुळगुळीत कागदावर घ्या. ठसा जाड, ठसठशीत असेल तर मात्र हातकागदावर तो फार देखणा दिसतो.

शाई. इथे नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून जरा सावकाश सांगते.

डाय इंक म्हणजे कागदात मुरणारी शाई. पटकन वाळते, ठसा स्वच्छ येतो, पण उन्हात ठेवलं तर हळूहळू फिकी पडते. पिगमेंट इंक कागदाच्या वर बसते, रंग दाट आणि टिकाऊ, पण वाळायला वेळ घेते आणि चकचकीत कागदावर तर वाळतच नाही. एका दिवाळीला मी पंधरा कार्डं ग्लॉसी कागदावर पिगमेंट शाईनं छापली, रात्री एकावर एक रचून ठेवली, आणि सकाळी प्रत्येकाचं चित्र वरच्याच्या पाठीवर उमटलेलं होतं. पंधराच्या पंधरा परत करावी लागली. तिसरी सॉल्व्हंट इंक, ती काच, प्लास्टिक, धातू यांवर चालते, कार्डाला सुरुवातीला तिची गरज नाही.

आता कुठली काळी शाई घ्यायची ते तुम्ही चित्र नंतर कशानं रंगवणार यावर आहे. वॉटरकलरनं रंगवणार असाल तर पाण्यानं न पसरणारी शाई लागते, रेंजर आर्काइव्हल किंवा व्हर्साफाइन या नावांच्या शाया वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. अल्कोहोल मार्करनं, म्हणजे स्पिरिटच्या शाईच्या रंगीत पेनांनी, रंगवणार असाल तर मेमेंटोचा काळा पॅड, त्यावरून मार्कर फिरवला तरी रेघ पसरत नाही. याच मेमेंटोवर पाण्याचा ब्रश फिरवला तर ती फुटते, आणि सॉल्व्हंटवाली स्टॅझऑन उलटी, पाण्याला टिकते पण अल्कोहोल मार्करखाली पसरते. म्हणजे शाई आणि रंग यांची जोडी आधी जमवायची, मग खरेदी. घरात ऑफिसचा जांभळा स्टॅम्प पॅड असेल तर सरावाला तो चालतो, कार्डाला नको, पाण्याचा थेंब पडला की पसरतो आणि कार्ड बँकेच्या पावतीसारखं दिसतं.

बाकी स्टीलची पट्टी, पेपर कटर, संपलेलं बॉलपेन, दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक. फेविकॉल पातळ कागदाला सुरकुत्या आणतो, तो फक्त जाड तुकड्यांना आणि अगदी थोडा.

ठसा स्वतः कोरायचा

मोठा पांढरा खोडरबर घ्या, सुगंधी, रंगीत, दोन थरांचे नकोत, ते कोरताना तुटतात. कोरायला लिनो कटरचा, म्हणजे ठसे कोरायच्या छोट्या पात्यांचा, सेट मिळतो, त्यातलं व्ही आकाराचं बारीक पातं सगळ्यात कामाचं. नसेल तर साधा पेपर कटर चालतो, पण पातं नवीन घाला. बोथट पातं जास्त धोक्याचं, कारण आपण जोर लावतो आणि ते सटकतं. मुलांना ठसे छापायला द्या, कोरायला नको.

पणती आणि ज्योत एकाच रबरावर कोरू नका. पणती वेगळी, ज्योत वेगळी. असं केलं की पणती काळी किंवा विटकरी आणि ज्योत सोनेरी करता येते, आणि तीच ज्योत पुढे समईवर, केकवरच्या मेणबत्तीवर, कुठेही वापरता येते. पणती म्हणजे खाली अर्धा चंद्र आणि एका बाजूला टोक, ज्योत म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा आकार. पहिल्याच दिवशी याहून जास्त काही कोरायचं नाही.

बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं, ४बी किंवा ६बी, चित्र काढा. मग तो कागद रबरावर पालथा ठेवा आणि मागून नखानं घासा. शिसं रबरावर उतरतं आणि चित्र उलटं होतं, म्हणजे छापल्यावर सुलटं येणार. अक्षरांच्या बाबतीत ही पायरी कधीच चुकवू नका, थेट रबरावर "शुभ" लिहून कोरलं तर छापल्यावर ते आरशात बघितल्यासारखं येतं.

आता जे छापायचं नाही ते काढून टाकायचं. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं धरा, म्हणजे रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहते, भिंतीच्या पायासारखी. आत कललं तर रेघ खालून पोकळ होते आणि दोन-चार छाप्यांनंतर तुटून पडते. खोली दोन-तीन मिलिमीटर पुरे. वळणावर हात वळवू नका, रबर फिरवा, वळण आपोआप गोल येतं. आणि मधेमधे शाई लावून रद्दी कागदावर छापून बघा, कुठे काढायचं राहिलंय ते छाप्यातच दिसतं, रबराकडे बघून कळत नाही.

देवनागरी कोरताना शिरोरेषा हाच आधार असतो. ती जरा जाडच ठेवा, सगळी अक्षरं तिला धरून उभी असतात. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी कोरता येतात, आपलं तसं नाही, एक शब्द म्हणजे एक सलग तुकडा, आणि मला वाटतं म्हणूनच मराठी शब्दाचा ठसा इतका भरीव दिसतो. कोरताना आधी अक्षरांच्या आतल्या बंद जागा काढा, व चं पोट, प आणि शिरोरेषा यांच्यामधली खिडकी, आणि मग बाहेरचा भाग. अनुस्वाराचा टिंब सुटा असतो, तो कोरताना हमखास उडतो, पहिल्या शब्दात अनुस्वार नसेल तर बरं. "शुभ" हा शब्द म्हणूनच सुरुवातीला चांगला. आणि श, ल आपल्या मराठी वळणाचेच काढा. संगणकावरच्या पुष्कळ फॉन्टमध्ये श आणि ल हिंदी वळणाचे येतात, वाचता येतं सगळं, पण आजीच्या हातात गेल्यावर ते परकं वाटतं.

झालेले ठसे कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या डबीत थेट टाकू नका. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून ती वितळल्यासारखी झालेली बघितली असेल, तेच इथे होतं, रबरातलं मऊपणा आणणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं आणि ठसा वाया जातो.

किंवा दुकानातून करून घ्यायचा

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" एवढं मोठं वाक्य हातानं कोरण्यात अर्थ नाही. गावोगावी रबरी शिक्के करून देणारे असतात, कोर्टाच्या, तहसील कचेरीच्या आसपास तर नक्कीच. त्यांच्याकडे जाताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवू नका. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला की जोडाक्षरं आणि वेलांट्या फुटतात आणि "हार्दिक" चं "हािर्दक" होतं, घाईत कोणी बघत नाही आणि तसाच शिक्का हातात येतो. त्यापेक्षा पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं सुंदर अक्षरात लिहा, घरात कोणाचं अक्षर चांगलं असेल त्यांच्याकडून लिहून घ्या, नीट स्कॅन करा आणि ते चित्र द्या. माझ्याकडे आईच्या अक्षरातला "अनेक आशीर्वाद" असा ठसा आहे, तो मी दुसऱ्या कुठल्याही ठशाच्या बदल्यात देणार नाही. दुसरं, आपोआप शाई लागणारा शिक्का घेऊ नका, साधा दांडीवाला किंवा नुसतं रबर मागा, म्हणजे हवी ती शाई लावता येते. रेघा बारीक नकोत, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाडच ठेवा, आणि राखाडी छटा चालत नाहीत, फक्त काळं आणि पांढरं.

तयार पारदर्शक ठसे घेतले तर ते अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून छापायचे असतात. ठोकळा नसेल तर जुन्या सीडीच्या कव्हरवर चिकटवा, आरपार दिसतं आणि काम होतं. नवीन पारदर्शक ठशावर शाईचे थेंब थेंब जमतात, नीट पसरत नाही. त्यावरून साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवून घ्या, मग शाई धरतो. हे ठसे उन्हात पिवळे पडतात आणि कडक होतात, खिडकीपाशी ठेवू नका.

छापायचं कसं

कार्डाचा कागद आधी कापून ठेवा. ए४ कागद मधोमध कापला की १४८.५ बाय २१० मिलिमीटरचे दोन तुकडे होतात. २१० ची बाजू १०५ वर घडी केली की कार्ड तयार, आणि ते ११४ बाय १६२ च्या सी६ पाकिटात बसतं. घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेननं एकदा जोरात रेघ ओढा आणि मग दुमडा, कागद फुटत नाही. घडीवरून चमच्याची पाठ फिरवा. कागद कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, एका बाजूनं तो सहज वाकतो, जमलं तर घडी त्या बाजूनं ठेवा.

पुढचा तुकडा ९५ बाय १३८ चा कापा, ठसे यावर छापायचे आणि मग हा कार्डावर चिकटवायचा. थेट कार्डावर छापू नका, ठसा बिघडला तर फक्त तुकडा जातो, कार्ड वाचतं.

ठसा पॅडवर दाबायचा की पॅड ठशावर? लहान ठसा पॅडवर टेकवा, मोठा ठसा उलटा धरून त्यावर पॅड हलका आपटत फिरवा. दाबू नका, आपटा. दाबलं की शाई खोबणीत शिरते आणि कडा छापल्या जातात. शाई लावल्यावर ठसा उजेडात तिरका धरून बघा, सगळीकडे सारखी चमक दिसली पाहिजे. कागदाखाली एखादं जुनं मासिक ठेवा, त्या मऊपणानं ठसा पूर्ण उमटतो, हे इतकं साधं आहे पण निम्म्या लोकांचा अर्धवट छापा यानंच सुटतो. मग ठसा सरळ खाली आणा, मधोमध आणि चारी कोपऱ्यांवर दाब द्या, मनात तीन मोजा आणि सरळ वर उचला. डुलवायचा नाही. ऑफिसातला शिक्का मारताना मनगट डुलवायची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

पहिले दहा-पंधरा छापे रद्दीवरच घ्या. त्यात एक छान गोष्ट सापडते, शाई न लावता लागोपाठ दुसरा छापा घेतला तर तो फिका येतो. मागे फिकी फुलं आणि पुढे गडद पणती असं एकाच पॅडवर करता येतं.

दोन पणत्या एकामागे एक दाखवायच्या असतील तर पुढची आधी छापायची. हे पहिल्यांदा उलटं वाटतं. पुढची छापून झाली की तीच पणती चिकट चिठ्ठीवर, चिकट पट्टी असलेल्या भागावर, अजून एकदा छापा, बाहेरच्या कडेनं कापा आणि कार्डावरच्या पणतीवर झाकण म्हणून लावा. आता दुसरी पणती थोडी वर, बाजूला सरकवून छापा आणि चिठ्ठी काढा. दुसरी मागे गेलेली दिसते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा खरंच फार भारी वाटतं.

सोनेरी ज्योत

याला हीट एम्बॉसिंग म्हणतात. चिकट पारदर्शक शाईनं ठसा उमटवायचा, त्यावर बारीक पावडर टाकायची आणि गरम करायची, पावडर वितळून फुगीर, चकचकीत होते. व्हर्सामार्कचा पॅड यासाठी सगळे वापरतात, नाहीतर पिगमेंट इंकही चालते कारण ती ओली राहते.

आधी काळी पणती पूर्ण वाळू द्या, नाहीतर सोनेरी पावडर तिच्यावरही चिकटते. मग पातळ सुती कापडात थोडी टाल्कम पावडर बांधून पुरचुंडी करा आणि ज्योत येणार तिथे कागदावर हलकेच आपटून घ्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा इतकी दमट असते की ही पुरचुंडी फिरवली नाही तर सोनेरी कण सगळ्या कागदावर बसतात. आता ज्योत छापा, लगेच एम्बॉसिंग पावडर भरपूर टाका, जास्तीची कागदावर झटकून परत डबीत भरा, भलतीकडे राहिलेले कण कोरड्या ब्रशनं उडवा.

गरम करायला हीट गन लागते. केस वाळवायच्या ड्रायरनं होत नाही, त्याची हवा जोराची आणि उष्णता कमी, पावडर वितळायच्या आधी उडून जाते. हीट गन नसेल तर इस्त्री चांगली तापवा, उलटी करून कोणाला तरी दांडी घट्ट धरायला सांगा, आणि कागद तिच्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंच, छापलेली बाजू वर ठेवून, चिमट्यात धरा. काही क्षणांत मातकट दिसणारी पावडर एकदम सोन्यासारखी होते. झालं की लगेच बाजूला घ्या, जास्त तापलं तर पावडर कागदात मुरते आणि चमक जाते.

शेवटी पणतीच्या खाली "शुभ दीपावली". शब्दाचा ठसा सरळ येण्यासाठी आधी पेन्सिलीची अगदी फिकी रेघ मारा, शिरोरेषा त्या रेघेला लावा. रेघ खोडायची ती दुसऱ्या दिवशी. ठसा थोडा तिरका गेलाच तर सरळ करायला परत त्याच जागी छापू नका, दुहेरी दिसतो. वेगळ्या पट्टीवर छापा, कापा आणि त्यावर चिकटवा, तो मुद्दाम केल्यासारखाच छान दिसतो.

ठसे लगेच ओल्या फडक्यानं पुसा. अ‍ॅक्रिलिक रंग वापरला असेल तर त्याच मिनिटाला धुवा, वाळला की निघत नाही. पारदर्शक ठशांना थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका.

पोस्टात टाकताना

वजनाची काळजी करू नका. २५० जीएसएमच्या ए४ चं वजन साधारण साडेपंधरा ग्रॅम, त्याचं अर्धं कार्ड म्हणजे आठ ग्रॅमच्या आत, वर पुढचा तुकडा आणि पाकीट धरूनही ते २० ग्रॅमच्या आत बसतं, आणि साध्या पत्राच्या दराची पहिली पायरी २० ग्रॅमपर्यंतचीच आहे. मणी, लाकडी तुकडे चिकटवलेत तर मात्र वजन करून घ्या. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टाचा शिक्का बसतो, तेव्हा ज्योत त्या कोपऱ्याखाली येणार नाही असं कार्ड पाकिटात ठेवा, आणि वर एक साधा पातळ कागद टाका म्हणजे सोनेरी भाग घासत नाही. कार्डं नवरात्रातच करायला घेतली तर शाई वाळायला, बिघडलेली परत करायला आणि पोस्टाला, सगळ्यालाच पुरेसे दिवस मिळतात. कार्डाच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि तुमचं नाव लिहा. माझ्या मावशीनं अशी कार्डं एका बिस्किटांच्या डब्यात वर्षांप्रमाणे लावून ठेवली आहेत, आणि ज्या दोनांवर मी तारीख घालायला विसरले ती कुठल्या दिवाळीची ते आम्हाला दोघींनाही अजून ठरवता आलेलं नाही.